अभ्यास कसा करायचा ते शिकवणारा क्लास लावला, त्याचा खराखुरा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, क्लासचं नाव लिहिणार नाही. अर्ध्या गोष्टी खरंच चांगल्या आहेत, अर्ध्या वाचून त्यांना झोंबेल, आणि आपलं नागपूर एवढं काही मोठं नाही की उद्या तर्री पोह्याच्या ठेल्यावर सर समोर उभे राहणार नाहीत. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत असे क्लास आता गल्लोगल्ली निघून राहिले आहेत, 'स्टडी स्किल', 'स्मार्ट लर्निंग', 'क्रिटिकल थिंकिंग' अशी नावं, आणि मायबाप मला काउंटरवर विचारतात की भाऊ तुमच्या पोरीला लावला होता ना, काही फायदा झाला का. तर घ्या, एकदाच लिहून टाकतो.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, जवळ दोन कॉलेज. वीस वर्षं झाली, दुसऱ्याच्या नोट्स झेरॉक्स करणारी पोरं मी रोज पाहतो. चारशे पानं झेरॉक्स, वर स्पायरल बाइंडिंग, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू अभ्यास झालाच. परीक्षेच्या आदल्या दिवशी मायक्रो झेरॉक्स मागणारेही येतात, त्यांना मी हाकलतो ती गोष्ट वेगळी. म्हणजे अभ्यास झाल्यासारखं वाटणं आणि अभ्यास होणं यातला फरक मला धंद्यातच कळला होता, फक्त माझ्या घरात तेच चालू आहे हे लक्षात आलं नव्हतं.

पोरगी आठवीत होती तेव्हाची गोष्ट, सेमी इंग्लिश. आळशी नाही, उलट बसते फार. विज्ञानाचा धडा चार वेळा वाचला, चार रंगांचे हायलायटर, पिवळा व्याख्येला, हिरवा उदाहरणाला, गुलाबी महत्त्वाचं आणि निळा अति महत्त्वाचं, शेवटी पान रंगपंचमीला नेल्यासारखं दिसे. हायलायटर माझ्याच दुकानातले, त्यामुळे बोलायची सोय नाही. आणि मार्क २० पैकी ११. "बाबा, मला सगळं येत होतं, पेपर पाहिला की गेलं." हे वाक्य प्रत्येक घरात ऐकलेलं असणार.

तर क्लास. एप्रिल मध्यापासून आठ रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, फी साडेचार हजार. दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली पार्किंगच्या नावावर एका डॉक्टरच्या दवाखान्यासमोरची जागा जिथे गाडी लावली की वॉचमन ओरडते. बॅचमध्ये वीस मुलं असतील म्हणाले होते, मोजली तर चौतीस. एसी नाही, दोन मोठे कूलर, बाहेर पारा ४४ वर, त्यामुळे कूलर बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर मागच्या तीन रांगांना सर काय म्हणून राहिले ते ऐकू येत नाही. आणि हँडआउट! फिकट, वाकडे, कडेची अक्षरं कापलेली. साडेचार हजार घेऊन असं झेरॉक्स देतात, मला तर जिव्हारी लागलं. शिवाय सगळं इंग्रजीत, अर्धी पोट्टी मराठी माध्यमाची.

पहिला रविवार पूर्ण वाया. ओळखी, टाळ्या, एक मोटिव्हेशनल व्हिडिओ, मग एक स्लाइड: माणूस वाचलेल्यातलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेल्यातलं २०, पाहिलेल्यातलं ३०, असं चढत चढत स्वतः केलेल्यातलं ९० टक्के. मग एक फॉर्म भरून घेतला, तुम्ही डोळ्यांनी शिकणारे की कानांनी की हातापायांनी. आमची निघाली हातापायांनी शिकणारी. घरी येऊन सांगितलं तर तिची आई म्हणे, मग भांडी घासायला काहून हात चालत नाहीत. ही स्लाइड आणि हा फॉर्म लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

दुसऱ्या रविवारी मात्र मजा आली. सरांनी सीताबर्डीच्या लढाईवरचा एक पानभर उतारा दिला, १८१७, आप्पासाहेब भोसले, इंग्रज, किल्ला असणारी टेकडी, सगळं. आपल्याच गावचं, पण पोरांना काही माहीत नाही, बर्डी म्हणजे त्यांना खरेदी आणि मेट्रो. अर्ध्या मुलांना सांगितलं की हाच उतारा चार वेळा वाचा. उरलेल्यांना एकदाच वाचायला दिला, कागद काढून घेतला आणि कोऱ्या पानावर आठवेल ते लिहा म्हणाले, तेही तीन वेळा. लिहिणारी मुलं वैतागली, आठवतच नाही म्हणून. वाचणारी खूश, आमची त्यात. लगेच विचारलं तर वाचणारेच पुढे होते. पण पुढच्या रविवारी न सांगता कोरा कागद दिला आणि आमच्या बाईंना लढाई कोणाकोणात झाली तेच आठवेना, पेशवे लिहून आल्या. तिकडे जी पोट्टी वैतागली होती त्यांची पानं भरलेली.

मग सरांनी सांगितलं की हा प्रयोग त्यांचा नाही, अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कारपिक या दोघांनी २००६ मध्ये छापलेला आहे. तिथेही तसंच झालं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७१, पण आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर. म्हणजे वाचताना जे सोपं वाटते ना, तेच फसवते. पान ओळखीचं वाटते म्हणून आपल्याला येते असं वाटते, जसं एखाद्याला दुकानात रोज पाहतो, चेहरा पक्का माहीत, पण नाव विचारलं की ततपप. आमच्या पोरीचं 'सगळं येत होतं'चं गूढ इथे उकललं, माझ्यासाठी अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

हायलायटरचंही त्याच दिवशी निघालं. डनलॉस्की नावाच्या प्राध्यापकाने २०१३ मध्ये सोबत्यांना घेऊन अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात रेघा मारणं आणि परत परत वाचणं खालच्या खान्यात गेलं, आणि स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर सोडून उजळणी करणं हे सगळ्यात वर. पोरीने घरी येऊन चारही हायलायटर माझ्या काउंटरवर परत ठेवले. वापरलेला माल परत घेत नाही म्हटलं.

घरी हे कसं चालते ते सांगतो, कारण क्लासमध्ये ऐकून तर सगळेच येतात. नववीच्या विज्ञानात आम्ल आणि आम्लारीचा धडा आहे. जेवणाच्या टेबलावर ती एकदा धडा वाचते, पुस्तक फ्रिजवर ठेवते, हो, फ्रिजवरच, हाताशी असलं की डोकावणं होते, आणि माझ्या दुकानातल्या एका बाजूने छापलेल्या रद्दी कागदाच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसते. पहिली पाच मिनिटं नुसता पेन चावणं. निळा लिटमस आम्लात लाल, ते जमलं. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी, जमलं. मग आम्ल धातूवर टाकलं तर कोणता वायू आणि कार्बोनेटवर टाकलं तर कोणता, दोन्हीकडे कार्बन डायऑक्साइड ठोकून दिलं. पुस्तक काढलं, लाल पेनने स्वतःच खोडलं, धातूला हायड्रोजन. तिची आई सैपाक करत होती, तिने अर्ध्या लिंबावर चिमूटभर खायचा सोडा टाकला, फसफसलं, म्हणे हा बघ तुझा कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन मात्र माझ्या ओट्यावर नको. दोन दिवसांनी परत कोरा कागद, त्यात ती चूक नव्हती, दुसरी एक नवीन होती. असंच चालते. चूक लाल पेनने स्वतः खोडली की ती चिकटून राहते हे मला नवीन होतं.

अंतर सोडून उजळणीसाठी त्यांनी कप्प्यांचा डबा शिकवला, लाइटनर नावाच्या माणसाची पद्धत, सत्तरच्या दशकातली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की सरळ पहिल्या कप्प्यात वापस. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, पुढचे आणखी लांब. त्यामागचं कारणही सांगितलं, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून किती वेळात किती विसरतो ते मोजलं होतं, १८८५ मध्ये पुस्तक आलं त्याचं. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आणि आपण अजून परीक्षेच्या आदल्या रात्रीच जागून राहिलो. डबा मात्र क्लासवाल्यांकडे अडीचशे रुपयांना होता. मी बुटाच्या खोक्यात बाइंडिंगच्या जाड कव्हरचे तुकडे उभे करून पाच कप्पे केले, कार्डंही त्याच तुकड्यांची. फुकट. सूत्रं, सनावळ्या, इंग्रजीचे शब्द यांना मस्त. गणिताला त्याचा काही उपयोग नाही, गणिताला त्यांनी वेगळं सांगितलं की एकाच सरावसंचातली वीस गणितं ओळीने सोडवू नका, तीन संचांतली मिसळून घ्या, म्हणजे कोणती रीत लावायची हेही डोक्याला ठरवावं लागते. पोरगी म्हणे त्याने डोकं दुखते. दुखू दे म्हटलं.

पंचवीस मिनिटं अभ्यास पाच मिनिटं ब्रेक हा प्रकार तुम्हाला यूट्यूबवर दिसलाच असेल, पोमोडोरो, चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाचा, त्याच्याकडे टमाट्याच्या आकाराचं किचन टायमर होतं म्हणून ते नाव. ठीक आहे. आमच्याकडे पाच मिनिटांचा ब्रेक मोबाइल हातात आला की पन्नास मिनिटांचा होते. आणि क्लासने हे टमाट्याचं टायमर साडेतीनशेला विकलं, बर्डीला तेच दीडशेत पडलं असतं. अशा गोष्टींनी माणूस बदनाम होते, शिकवून चांगलं राहिले होते.

वाचायची एक पद्धत इंग्रजी अक्षरांत सांगितली, एसक्यूथ्रीआर, रॉबिन्सन यांच्या १९४६ च्या पुस्तकातली. मुलांना काही समजलं नाही. मग मॅडमनी मराठीत घेतलं: आधी धडा चाळा, मथळ्यांचे प्रश्न करा, मग उत्तर शोधायला वाचा, पुस्तक मिटून सांगा, नंतर उजळा. हो, सर आणि मॅडम दोघं शिकवतात, आणि स्पष्ट लिहितो, मॅडम नसत्या तर मी तीन स्टारच्या वर गेलो नसतो. इतिहास भूगोलाला हे फिट बसते. मराठीच्या कवितेला लावायला गेले तिथे माती झाली, कवितेचा मथळा घेऊन कोणता प्रश्न करणार.

आता मुख्य गोष्ट, सहावा रविवार. मॅडम मुलांना घेऊन झिरो माईलला गेल्या. मेट्रोने, सकाळी साडेसातला, उन्हाच्या आधी, मायबापांनाही या म्हणाल्या म्हणून मीही गेलो, रविवारी दुकान उशिरा उघडतो. तो खांब, ते चार घोडे, आपण सगळे लहानपणापासून पाहून राहिलो, पाहुणे आले की दाखवतो की हा भारताचा मध्य. मॅडमनी एकच विचारलं, "कशावरून?" पोट्टी म्हणे सगळेच म्हणतात. सगळे म्हणजे कोण? पुस्तकात आहे. कोणत्या? मग म्हणाल्या जवळ जाऊन वाचा, दगडावर काय लिहिलंय. तिथे गावांची नावं आणि मैलांत अंतरं. आणि मोजणीच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची, १०२०.१७१ फूट. मग त्यांनी सांगितलं की १९०७ मध्ये इंग्रजांच्या देशभरातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामासाठी हा उभारला. एक मुलगा म्हणे, पण मॅडम, उंची लिहिली म्हणून हा मध्य आहे हे कुठे सिद्ध होते? त्या म्हणाल्या बरोब्बर. आणि तेव्हाचा हिंदुस्थान म्हणजे आजचा पाकिस्तान बांगलादेश धरून, मग मध्य कोणत्या नकाशाचा? आजच्या नकाशात तर मध्य प्रदेशातलं करौंदी नावाचं गावही आम्हीच मध्य म्हणून सांगते. पोट्ट्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. माझंही झालं होतं, खरं सांगू का, थोडं वाईटच वाटलं. पन्नाशीला आलो आणि कधी त्या दगडाजवळ जाऊन वाचलं नाही, नुसती बाजूने गाडी नेली.

तिथेच सावलीत बसून मॅडमनी चार प्रश्न लिहून दिले: कोण म्हणते, कशावरून म्हणते, त्यात त्याचा काय फायदा, आणि याचं दुसरं काही कारण असू शकते का. परत येताना चौकातल्या कोचिंगवाल्यांच्या होर्डिंगवर ते लावायला सांगितलं. 'आमचे १२० विद्यार्थी ९० टक्क्यांच्या वर'. कितीपैकी १२०? ते आधीच हुशार होते की क्लासने केले? एकच टॉपर तीन होर्डिंगवर कसा? मेट्रोत बाजूला बसलेले काका हसून राहिले होते.

आता ती स्लाइड आठवा. सातव्या रविवारी आमच्या पोरीने हात वर केला आणि सरांनाच विचारलं, सर ते १०, २०, ३०, ९० टक्के कोणी मोजले, सगळे आकडे शून्यावरच कसे संपतात? वर्ग हसला, सर म्हणाले संशोधन आहे ते. पोरगी म्हणे कशावरून. सरांना आवडलं नाही, घामही आला होता, पण कूलरसमोर उभे होते म्हणजे उन्हाने नसावा. मॅडम मात्र म्हणाल्या मी पाहून सांगते. आणि आठव्या रविवारी त्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की ते आकडे काढून टाका, एडगर डेल नावाच्या प्राध्यापकाने १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता, त्यात टक्के नव्हतेच, ते नंतर कोणीतरी चिकटवले आणि लोक छापत गेले. डोळ्यांनी की कानांनी शिकणारे, त्या फॉर्मचंही तेच, २००८ मध्ये पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी आधीचा अभ्यास धुंडाळून पाहिला, मुलाच्या प्रकाराप्रमाणे शिकवलं तर जास्त येते याला धड पुरावा मिळाला नाही. माणूस आपल्याच क्लासच्या स्लाइडबद्दल असं बोलतो हे मी तरी कुठे पाहिलं नाही. पूर्ण एक स्टार त्याचा. पण फॉर्म अजून त्यांच्या पॅम्फ्लेटवर आहे, 'तुमच्या मुलाची शिकण्याची शैली ओळखा, मोफत', मागच्या आठवड्यात माझ्याच दुकानात पाचशे कॉपी काढायला आले होते. काढून दिल्या, धंदा आहे.

एक तक्रार क्लासची नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असते, म्हणजे तुझं मत लिही. आणि पोरं ते गाईडमधून पाठ करतात. स्वतःचं मत, पाठ! मॅडमनी यावर एक अख्खा तास घेतला होता, उताऱ्यातला कोणता मुद्दा पटला, कोणता नाही, आणि का, घरातलं एक उदाहरण दे. पोरीने जुलैच्या चाचणीत तसं लिहिलं, श्रमप्रतिष्ठेवर होतं, दुकानात माझ्या हातावर टोनरचे डाग असतात आणि पाहुण्यांकडे जाताना मी ते साबणाने घासत बसतो हे लिहिलं, आणि पुढे की मला ते डाग लपवावेसे का वाटतात हे तिला कळत नाही. ते वाचून मी दोन मिनिटं गप्पच होतो. शाळेत पाचपैकी दोन. शेरा, मुद्दे अपूर्ण. बाजूच्या मुलीला गाईडमधल्या उत्तराला चार. शाळेचं नाव घेत नाही, बाई वाईट नाहीत, साठ पेपर तपासायचे असतात, मुद्दे मोजणं सोपं पडते. पण क्लासला विचारलं की आता काय करायचं, तर सर म्हणाले परीक्षेत परीक्षेसारखं लिहा. मॅडम म्हणाल्या तुझं मत आधी आणि त्यांचे मुद्दे त्याच्यात बसव, दोन्ही जमते. तिने ठरवायचं आहे. सध्या दोन्ही करून राहिली.

मार्कांचं विचाराल तर विज्ञानात ११ चे १५ झाले, पण हे क्लासने झाले की नववीला शिक्षक बदलले त्याने, की आईच्या लिंबाने, हे मला सांगता येणार नाही, आणि सांगितलं तर पोरगी लगेच 'कशावरून' विचारते. घरात आता कोणाला सुखाने व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड वाचून दाखवता येत नाही.

पाचपैकी साडेतीन. बसायची जागा, हँडआउट आणि टायमर डबे विकायचा उद्योग यांचे मार्क कापले. सातवी आठवी नववीसाठी घाला, दहावीला वेळ नसते, सवय लागेपर्यंत बोर्ड येऊन जाते. फी दोन हप्त्यांत घेतात, मागावी लागते, स्वतःहून सांगत नाहीत. मुलांना पुढच्या दोन रांगांत बसवा, खिडकीकडच्या, कूलरच्या समोर नाही. मॅडम कोणते रविवार घेणार हे आधी विचारून घ्या. पहिला रविवार बुडवला तरी काही बुडत नाही.